मुळीला खाली कसे कळते?

हरभरा पेरताना दाण्याचे तोंड कुठे आहे, हे कोणी पाहात बसत नाही. तिफणीतून तो पडेल तसा पडतो. तरी मुळी खालीच वळते. का, असे वर्गात विचारले तर मुले म्हणतात, “ओल खाली असते म्हणून.” ओलीचाही वाटा असतो, नाही असे नाही. पण ओल्या टीपकागदावर, सगळीकडे सारखी ओल असतानाही मुळी खालीच जाते. तेव्हा मुख्य कारण दुसरे.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली एक गोष्ट दाखवली. मुळीचे टोक जरासे छाटले, तर मुळी वाढते, पण वळत नाही. दिशा कळते टोकाला, वळतो टोकामागचा भाग! मग निरोप नेतो कोण?

तो निरोप्या म्हणजे ऑक्झिन हे संजीवक. मुळीच्या टोकावर टोपीसारखे आवरण असते. त्यातल्या काही पेशींत पिठूळ, जड कण असतात. मुळी आडवी झाली, की तांब्यातल्या गाळासारखे ते कण खालच्या अंगाला बसतात.

आता खरी गंमत ऐका. पेशीबाहेरचे पाणी किंचित आंबट असते. तिथे ऑक्झिनच्या काही रेणूंवर विद्युत्भार नसतो, म्हणून ते पडद्यातून आत झिरपतात. आत आंबटपणा नसतो. रेणूंवर भार येतो आणि परतीची वाट बंद होते. बाहेर पडायला दारच हवे. ‘पिन’ नावाची प्रथिने ही ती दारे. मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपाची दांडी फुले न येता टाचणीसारखी सरळसोट वाढली, त्यावरून हे नाव पडले. बरे, ही दारे भिंतीत पक्की चिणलेली नसतात. पेशी ती चिमुकल्या पिशव्यांतून आत ओढते आणि दुसऱ्या बाजूला नेऊन बसवते. कण खाली बसले, की काही मिनिटांतच दारेही खालच्या बाजूला सरकतात आणि ऑक्झिन तिकडे जास्त वाहते.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. कोंबात ऑक्झिन वाढले की वाढ जोमाने होते, मुळीत मात्र तेच वाढीला लगाम घालते. खालची बाजू मंदावते, वरची वाढत राहते, म्हणून मुळी खाली वाकते.

शेतकरी बंधूंनो, तणनाशक ‘टू-फोर-डी’ हे बनावट ऑक्झिनच आहे. पण ते या दारांतून सहजी बाहेर पडत नाही, लवकर मोडतही नाही. रुंद पानांचे तण त्यानेच मरते. ज्वारी, ऊस तगतात. कपाशीही रुंद पानांचीच! शेजारच्या फवाऱ्याचा वारा लागला किंवा तोच पंप नीट न धुता कपाशीला वापरला, तरी पाने अरुंद, बोटांसारखी होतात. हा रोग नव्हे. त्यावर औषधे मारीत बसू नका. कपाशीचा पंप वेगळाच ठेवा.

शिक्षकांनी मक्याचे मोड आलेले चार दाणे ओल्या टीपकागदावर, मुळ्या आडव्या राहतील असे, अंधारात ठेवावेत. दोघांची टोके ब्लेडने केसभर छाटावीत. दुसऱ्या दिवशी फरक दिसेल. पण दाणे लगेच टाकू नका; छाटलेली टोपी कित्येकदा पुन्हा येते आणि ती मुळीही उशिरा का होईना, खाली वळते.