शाळेचं जेवण, शेजारचं शेत

ब्राझीलच्या सरकारी शाळांत सुमारे ४ कोटी मुलांना जेवण मिळतं. २००९ च्या कायद्याने ठरवलं, की त्यासाठी केंद्र सरकारकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के कुटुंबशेती करणाऱ्यांकडून माल घेण्यातच खर्चावेत.

खरं शहाणपण खरेदीच्या पद्धतीत आहे. निविदेत सर्वांत कमी दर सांगणारा जिंकतो. तिथे दोन-चार एकरवाला टिकत नाही. म्हणून निविदेची अटच काढली. बाजारभाव पाहून दर आधी जाहीर होतो, मग जवळच्या शेतकऱ्यांना प्राधान्य. सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जादा दर देता येतो. जेवणाचा बेत आहारतज्ज्ञ हंगाम पाहून ठरवतात.

आपल्या शालेय पोषण आहाराचा तांदूळ सरकारी गोदामातून येतो. भाजीपाला तरी गावच्याच शेतकऱ्याकडून, आधी ठरलेल्या दराने घेण्याची सोय व्हायला हवी.