जुन्या क्रमांकांची सोय

बंगळूरच्या राजाजीनगर या उपनगरात १९७२ पूर्वी पत्र धाडावयाचे असले, तर पत्त्याच्या शेवटी ‘बंगलोर-१०’ असे लिहीत. दहा हा त्या भागाचा टपाल-वाटपाचा विभाग क्रमांक होय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सहा अंकी पिनकोड सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे या योजनेचे जनक. राजाजीनगरला ५६००१० हा क्रमांक मिळाला. त्यातील पहिले तीन अंक पत्रांची छाननी करणाऱ्या जिल्ह्याचे, पुढचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. जुना दहा नाहीसा झालेला नाही, हे वाचकाच्या ध्यानात येईलच. डावीकडे एक शून्य घेऊन तो शेवटच्या तीन घरांत तसाच बसला आहे. दादरच्या ‘मुंबई-२८’चे ४०००२८ झाले ते याच रीतीने.

क्रमांकाची रुंदी वाढविताना जुन्या क्रमांकांचे काय करावयाचे, हा प्रश्न संगणकशास्त्रातही उभा राहिला. तेथे तो पुष्कळच अवघड होता, कारण यंत्राला टपालवाल्याप्रमाणे अंदाजाने पत्ता ओळखता येत नाही.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग प्रत्यक्ष यंत्रसामग्रीशी व्यवहार करतो, त्याला कर्नेल म्हणजे गाभा म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत, आणि तिच्या वळणावर १९९१ पासून घडत गेलेल्या लिनक्समध्ये, डिस्क, टर्मिनल यांसारखे प्रत्येक साधन एका फाइलीच्या रूपाने दिसते. त्या नावामागे एक क्रमांक असतो आणि त्याचे दोन भाग असतात. मुख्य क्रमांक हे साधन कोणत्या ड्रायव्हरच्या, म्हणजे ते चालविणाऱ्या आज्ञावलीच्या, ताब्यात आहे ते सांगतो. त्या ड्रायव्हरच्या हाताखालील नेमके कोणते साधन, हे उपक्रमांक सांगतो. छाननीचा जिल्हा आणि वाटपाची कचेरी यांचेच हे नाते.

लिनक्समध्ये या दोहोंसाठी मिळून प्रारंभी १६ बिटे राखली होती, प्रत्येकास आठ. बिट म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढे घर. आठ घरांत ० ते २५५ एवढेच आकडे लिहिता येतात. स्कझी जातीच्या डिस्कांचा मुख्य क्रमांक ८. प्रत्येक डिस्क आणि तिचे विभाग यांना मिळून सोळा उपक्रमांक लागत. म्हणजे एका मुख्य क्रमांकाखाली सोळाच डिस्का! पुढे आणखी मुख्य क्रमांक देऊन वेळ मारून नेण्यात आली. परंतु हजारो डिस्का जोडणाऱ्या मोठ्या संस्थांना ते पुरणारे नव्हते. अखेर डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीत हा क्रमांक ३२ बिटांचा करण्यात आला. मुख्य क्रमांकास १२ बिटे मिळाली, उपक्रमांकास २०. त्यामुळे ४,०९६ मुख्य क्रमांक आणि प्रत्येकाखाली १०,४८,५७६ उपक्रमांक शक्य झाले.

येथवर सर्व सोपे वाटते. पेच पुढे आहे. पहिल्या डिस्कच्या पहिल्या विभागाचा मुख्य क्रमांक ८ आणि उपक्रमांक १. जुन्या रीतीने हे ८ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे २०४९ असे लिहिले जाई. नव्या ३२ घरांतील डावीकडची बारा मुख्य क्रमांकास आणि उजवीकडची वीस उपक्रमांकास अशी सरळ वाटणी केली, तर त्याच साधनाचा आकडा ८३,८८,६०९ होतो. उलट, डिस्कांवर आधीच नोंदलेला २०४९ या वाटणीने वाचला, तर मुख्य क्रमांक ० आणि उपक्रमांक २०४९ असा अर्थ निघतो. तसे साधन अस्तित्वातच नसते.

म्हणून बाहेरच्या व्यवहारासाठी निराळी मांडणी ठरविण्यात आली. उपक्रमांकाची खालची आठ बिटे जुन्या जागीच राहिली. त्यांच्या डावीकडे मुख्य क्रमांकाची बारा बिटे आली, आणि उपक्रमांकाची उरलेली बारा बिटे सर्वांच्या डावीकडे गेली. एकाच आकड्याचे दोन तुकडे करून मध्ये दुसरा बसविणे याला कोणी सुबक म्हणणार नाही. पण यामुळे २०४९ हा २०४९च राहतो. गाभ्याच्या आत मात्र सरळ वाटणीच वापरतात आणि वेशीवर एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करतात.

नव्या क्रमांकांचा धोका याच्या उलट दिशेचा. मुख्य क्रमांक ८ आणि उपक्रमांक ३०० हे साधन नव्या मांडणीत १०,५०,६६८ असे लिहिले जाते. सोळाच बिटे ओळखणाऱ्या जुन्या आज्ञावलीला त्याचा खालचा तुकडा तेवढा दिला, तर तिला २०९२ दिसेल, म्हणजे ८ आणि ४४. हे भलतेच साधन होय. ते खरोखर असू शकते, आणि त्यावर कोणाचे तरी काम साठविलेले असू शकते. म्हणून जुन्या पद्धतीने चौकशी करणाऱ्या आज्ञावलीला गाभा छाटलेला आकडा देत नाही. आकडा मावत नाही असे सांगून विनंती परत करतो.

डिस्कवरील नोंदींची सोयही अशीच केलेली आहे. साधन दर्शविणाऱ्या फाइलीला स्वतःचा मजकूर नसतो. म्हणून मजकुराचा ठावठिकाणा लिहिण्याचे तिचे रकाने मोकळे असतात. लिनक्सच्या एक्स्ट-२ या रचनेत जुन्या मापात बसणारा क्रमांक त्यांतील पहिल्या रकान्यात पूर्वीप्रमाणेच लिहिला जातो. तो बसत नसला, तर पहिल्यात शून्य ठेवून नवा क्रमांक दुसऱ्यात लिहितात. वाचताना पहिल्यात शून्य आढळले की दुसरा पाहावयाचा.