गळाची काठी शिकायची कुठे?

मासे धरायची काठी स्वतः घडवायची म्हटली की हाताशी येतात ती इंग्रजी पुस्तकं. त्यांतला मासा ट्राउट, पाणी बर्फाळ डोंगरातलं आणि बांबू चीनचा. एरंडोलच्या पोराने ती वाचून काय करायचं? तिथल्या अंजनी नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं, धरणात सापडलाच तर कटला, रोहू किंवा मरळ. तरीही माझं मत असं की पुस्तकांतलं निम्मं उपयोगाचं आहे. उरलेलं निम्मं बुरुडाच्या अंगणात आणि भोयाच्या होडीजवळ आहे, आणि दोन्ही एकत्र मांडलेलं मराठी पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. कधी काळी हातकागदासाठी नावाजलेल्या गावात हे जरा खटकतं.

गंमत अशी की या पाश्चात्त्य विद्येची सुरुवात आपल्याकडच्या बांबूवर झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा सॅम्युएल फिलिप हा बंदुका बनवणारा कारागीर. बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठी करण्याचं श्रेय 1840च्या दशकातल्या त्याच्या कामाला दिलं जातं. पुढे मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डने पट्ट्या कापायचं यंत्र केलं आणि सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी धंद्यात आणली. हे लोक ‘कलकत्ता केन’ वापरत, म्हणजे कलकत्त्याच्या बंदरातून आलेला भारतीय बांबू. जाणकार तो मानवेल असल्याचं मानतात. त्यावर जाळाचे काळे डाग असत, ते टाळून पट्ट्या काढाव्या लागत. पुढे चीनमधला सरळ, लांब पेरांचा टोंकिन बांबू आला आणि मानवेल मागे पडली. 1950मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा हाच टोंकिन दुर्मीळ झाला, आणि तोवर काचतंतूच्या काठ्यांनी बाजार धरला होता. कार्बनच्या काठ्या 1970च्या दशकातल्या.

सातपुड्यातली मानवेल अजून तिथेच आहे. कोरड्या उतारावरची मानवेल जवळजवळ भरीव निघते, म्हणून काठी-भाल्यांना ती पूर्वीपासून आवडती. 2017च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू घेणं सोपं झालं. जंगलातल्या बांबूसाठी वनखात्याला विचारावंच लागतं.

पुस्तकांपैकी एकाचं नाव घ्यायचं तर एव्हरेट गॅरिसन आणि होगी कारमायकल यांचं ‘अ मास्टर्स गाइड टू बिल्डिंग अ बांबू फ्लाय रॉड’. गॅरिसन अभियंता होता. काठी कुठे किती वाकेल याचं त्याने पुलाच्या तुळईसारखं गणित मांडलं, आणि त्यावरून दर काही इंचांवर काठीची जाडी किती असावी हे ठरवलं. रंधा मारताना इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब. तो 1975मध्ये गेला आणि पुस्तक 1977मध्ये आलं, कारमायकलने त्याच्या हाताखाली राहून टिपलेलं. नवशिक्याने ते विकत घ्यायला घाई करू नये. त्यातली सामग्री जमवताना खिसा रिकामा होतो आणि काठी होतच नाही. त्यातलं एक सूत्र मात्र लगेच घ्यावं : बांबूचे दमदार तंतू सालीलगत दाट असतात, आत गाभ्याकडे विरळ. म्हणून सोलायचं ते आतून, साल जपायची.

हेच बुरुड रोज करतो. सूप किंवा टोपली विणताना तो कामटीची पाठ सांभाळतो आणि पोट तासतो. कोयता पेरावर कसा टेकवायचा, चीर एका बाजूला धावायला लागली की दाब कुठे द्यायचा, हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. दोन-चार सकाळी त्याच्याजवळ बसून हात चालवला की कळतं. तीन वर्षांपुढचा बांबू घ्यावा, पावसाळा सरल्यावर थंडीत तोडावा, ताजा असताना वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा म्हणजे कीड कमी लागते. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची रीतही सांगतील. ती पाळल्याने बिघडत तर काहीच नाही. याहून रीतसर शिकायचं असेल तर मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथे गळाची काठी शिकवत नसतील, पण बांबूवरची प्रक्रिया आणि हत्यारांची शिस्त शिकता येते, आणि या कामात निम्मी लढाई तीच असते.

पहिली काठी चिरलेल्या पट्ट्यांची करू नये. अखंड मानवेलीची करावी, दहा-बारा फुटांची. बुंध्यापासून शेंड्याकडे निमुळती होत जाण्याचं काम निसर्गाने आधीच केलेलं असतं. ज्यासाठी गॅरिसन आकडेमोड करत बसला, ते इथे फुकट मिळतं. सावलीत महिनोन्‌महिने वाळवावी, वाक असेल तिथे मंद जाळावर शेकून हातांनी सरळ करावी आणि गार होईस्तोवर धरून ठेवावी. गाठी कानशीने साफ कराव्यात, पण खोल घासू नये. शेवटी जवसाच्या तेलाचा हात.

मग परीक्षा. बुंधा घट्ट बांधून शेंड्याला थोडं वजन लटकवावं आणि बाजूने पाहावं. वाक एकसारखा उतरत आला तर ठीक. मध्येच कोन पडला तर तिथे काठी कमजोर आहे आणि मोठा मासा ती तिथेच मोडणार. तंगूस ओवायच्या कड्या न गंजणाऱ्या तारेच्या वळवता येतात. त्या रेशमी दोऱ्याने शेजारी शेजारी वेढे घालून बांधायच्या, शेवटचे वेढे घालताना खाली दोऱ्याचा फास ठेवून टोक त्यातून आत ओढून घ्यायचं आणि वर वॉर्निश द्यायचं. गाठ कुठेच राहत नाही. बारा फुटांची काठी एसटीत चढत नाही, तेव्हा दोन तुकडे आणि पितळी नळीचा सांधा लागतो. म्यानासाठी पीव्हीसी पाइप घ्यावा. जळगाव जिल्ह्यात त्याची वाण नाही.

पाण्याचं शिक्षण वेगळं. भोई आणि कोळी यांचं पोट जाळ्यावर चालतं. गळ हा पोरांचा आणि हौशींचा उद्योग, त्यामुळे काठीविषयी त्यांच्याकडून फारसं मिळणार नाही. मरळ कुठे दबा धरते, वाम कोणत्या चिखलात असते, गिरणा नदीच्या डोहात कुठे खोली आहे, हे मात्र तेच सांगतात, आणि काठी किती लांब हवी ते यावरूनच ठरतं. एच. एस. थॉमस हा मद्रास सनदी सेवेतला अधिकारी. त्याचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873चं आणि ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ 1887चं. तळ्यांतल्या माशांविषयीचं दुसरं पुस्तक एरंडोलकराला ट्राउटच्या ग्रंथांपेक्षा जवळचं वाटेल. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. हौशींचा तसा अड्डा खान्देशात असायला हरकत नाही.

धरणांतली मासेमारी बहुधा ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते. अंजनीच्या जलाशयावर काठी घेऊन जाण्याआधी त्यांना विचारावं, आणि पद्मालय देवस्थानाच्या कमळतळ्याचं नावही काढू नये. कार्बनची काठी असो की ओली मानवेल, विजेच्या तारांखाली ती उभी धरायची नाही.