अर्ध्यावर थांबवलेली झेरॉक्स

झेरॉक्स फिकी येत असली की मेकॅनिक आधी एक गोष्ट करतो. मूळ कागद काचेवर ठेवतो, बटण दाबतो आणि कोरा कागद मशीनच्या पोटात असतानाच दार उघडतो. मशीन जागच्या जागी थांबतं. मग तो कागद कडेला धरून अलगद बाहेर ओढतो. लातुरात, कचेरीसमोरच्या एका दुकानात, ऐन पावसाळ्यात मी हे शेजारी उभं राहून बघितलं.

कागदावर सातबारा उतरला होता. गट नंबर, खातेदाराचं नाव, पिकांचे रकाने, सगळं फिकट पण वाचता येण्याजोगं. मेकॅनिकनं खालच्या कोपऱ्यावर हलकंच बोट फिरवलं, तर दोन ओळी पुसून नुसता काळा फराटा राहिला. अक्षरं अजून कागदाला चिकटलीच नव्हती. टोनर म्हणजे काळ्या प्लास्टिकची भुकटी. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा, नाहीतर त्याहून लहान. एवढा वेळ ती भुकटी स्थिर विजेच्या ओढीनं जागेवर बसली होती. पुढं तापलेल्या रोलरखालून, साधारण 200 अंशांतून, कागद गेला असता तर ती वितळून कायमची झाली असती. त्या मधल्या दोन बोटांच्या अंतरात सातबारा म्हणजे फक्त वीज असते, आणि मला या यंत्रातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

ही भुकटी कागदावर आणणारा ड्रम अंधारात वीज धरून ठेवतो आणि उजेड पडेल तिथली सोडून देतो. म्हणून तर मेकॅनिक तो बाहेर काढला की लगेच कापडात गुंडाळतो. आधी ड्रमवर काहीशे व्होल्टचा ऋण भार चढतो, मग जिथं अक्षर हवं तेवढ्याच जागेचा भार लेझर उतरवतो. टोनरच्या कणांवरही ऋणच भार असतो. लोखंडाच्या बारीक दाण्यांत घुसळून, निव्वळ घासून तो येतो. कोरड्या केसांतून कंगवा फिरवल्यावर येतो तसाच. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे भुकटी फक्त भार उतरलेल्या जागी जाऊन बसते. शेवटी कागदाच्या पाठीमागून धन भार लावतात आणि भुकटी ड्रम सोडून कागदावर येते.

22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे मदतनीस ऑटो कोर्नाय यांनी याच तत्त्वावर पहिली प्रत काढली, तेव्हा त्यांच्याजवळ यातलं एकही यंत्र नव्हतं. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनी सुती कापडानं घासला, त्यावर शाईनं लिहिलेली काच ठेवली, काही सेकंद झगझगीत उजेड दिला आणि वर लायकोपोडियमची पूड भुरभुरली. तारीख आणि त्या भागाचं नाव उमटलं. बाजारात चाललेलं पहिलं मोठं मशीन, झेरॉक्स 914, यायला मात्र 1959 साल उजाडलं.

लातूरच्या मशीनमध्ये ड्रमवरची अक्षरं काळीभोर होती, कागदावरची फिकी. म्हणजे भुकटी ड्रमवर नीट येत होती, पण कागदावर पुरती उतरत नव्हती.

“मामा, कागद कुठं ठेवता?” मेकॅनिकनं विचारलं.

दुकानदारानं खिडकीखाली फोडून ठेवलेली रिम दाखवली. दमट कागदातून वीज झिरपून जाते आणि पाठीमागची ओढ कमी पडते. मेकॅनिकनं नवी बंद रिम फोडून तोच सातबारा काढला. तो ठसठशीत आला. ना कुठला पार्ट बदलला, ना टोनर भरला.

उन्हाळ्यात तक्रार नेमकी उलटी असते. कोरड्या हवेत कागद एकमेकांना धरून बसतात आणि एकाऐवजी दोन ओढले जातात, म्हणून दुकानदार रिम ट्रेमध्ये घालण्याआधी पत्ते पिसल्यासारखी फडफडवून घेतो. कागद बाहेर पडतो तिथं वीज उतरवायला बारीक, काळ्या केसांचा एक ब्रश असतो. मेकॅनिकनं मला तो बोटानं दाखवला आणि दुकानदाराला बजावलं, “पुसताना हा केर समजून ओढून काढू नका.”