वारा अडवायचा की अंगावर घ्यायचा?

दोन वर्षांच्या दुधाच्या पैशांतून मोटारसायकल घ्यायची ठरली आणि "तू शिकलेला, तूच निवड," असे म्हणून वडील मोकळे झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अभ्यास करणे भागच होते.

स्पोर्ट्‌स टूरर म्हणजे पुढे आवरण व काच असलेली, लांब पल्ल्याची गाडी. नेकेड म्हणजे उघड्या अंगाची. बजाजने २०२१ साली आणलेली पल्सर एफ २५० व एन २५० ही जोडी पाहा. (एफचे आवरण अर्धेच, म्हणजे ती पुरती टूरर नव्हे, पण फरक कळायला पुरे.) इंजिन तेच, २४९ सी.सी.चे. मग आवरण करते काय? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रोध चौपट होतो. ताशी नव्वदला तो उघड्या गाडीवर छातीवर बसतो, मान आखडते. आवरण त्याला बाजूला सारते.

पण आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर काटा पन्नाशी ओलांडीत नाही! शिवाय एफचा दिवा आवरणात पक्का बसवलेला. हँडलबरोबर वळत नाही. रात्री वळणावर उजेड शेतात आणि वाट अंधारात. गाडी आडवी झाली तर आवरणाचा खर्च निराळाच.

मी एन सांगितली. "आणि पुण्याला जायचे झाले तर?" वडिलांनी विचारले.

पुण्याला एस.टी. आहे.