विश्लेषण : आठपैकी एकच सर्व्हर मागे राहिला तर...?

चिंचोटीतल्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर १५ रुपयांत मिळतो. जिल्हा पालघर, तालुका वसई निवडले, मग गाव. सातबारा असो, बँक वा रेल्वे आरक्षण, अशा मोठ्या सेवांचा भार सहसा एका यंत्रावर नसतो. तो अनेक सर्व्हरवर वाटलेला असतो. आपली विनंती त्यातल्या कोणत्या सर्व्हरकडे गेली, हे आपल्याला कळत नाही. म्हणूनच त्या सर्वांवर सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच असावी लागते.

एक मागे राहिला तर काय होते?

याचे उत्तर अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाले. नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचे होते. सातवर चढले, आठवा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि लाखो सौदे करू लागला. गोंधळ निस्तरताना कर्मचाऱ्यांनी ठीक चाललेल्या सात सर्व्हरवरचे नवे सॉफ्टवेअर काढले. म्हणजे आजारी एक होता, आता आठही झाले. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

कंटेनर म्हणजे काय?

एकाच यंत्रावर अनेक कामे चालतात. एकाला जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. त्यासाठी यंत्रात वेगवेगळे कप्पे करतात, त्यांना कंटेनर म्हणतात. चाळीसारखेच हे : पाया आणि छप्पर सामायिक, पण प्रत्येक खोलीची चूल वेगळी. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत सर्वदूर नेली. सॉफ्टवेअरचा एक साचा तयार करायचा आणि त्यातून हवे तितके कप्पे काढायचे.

इथे एक खोच आहे. साच्यात आवृत्तीचा नेमका क्रमांक न देता ‘लेटेस्ट’ लिहिले, की सोमवारी उभारलेला कप्पा आणि गुरुवारी उभारलेला कप्पा वेगळे निघू शकतात. हा शब्द सोयीचा खरा, पण बेभरवशाचा. म्हणून जाणकार नेमका क्रमांक लिहितात आणि सर्व्हरवर हाताने परस्पर बदल करत नाहीत. बदल साच्यात करून कप्पे नव्याने काढतात.

मग सगळीकडे एकदम बदल करावा का?

नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट जगभर एकाच वेळी गेले. ते ७८ मिनिटांत मागे घेतले, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रांना फटका बसला होता. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली.

त्यामुळे नवी आवृत्ती आधी मोजक्या सर्व्हरवर देतात, काही काळ लक्ष ठेवतात आणि मगच पुढे सरकतात. या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशी अपडेट टप्प्याटप्प्याने देण्याचे जाहीर केले.