धरणाचा ताप आणि बिलाची घाई

सिमेंट पाण्यात कालवले की उष्णता बाहेर पडते. घराच्या स्लॅबमधून ती सहज निघून जाते. धरणाच्या पोटात मात्र कोंडते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरचे हूव्हर धरण सलग ओतले असते तर ते निवण्यास सव्वाशे वर्षे लागली असती, असा तेथील अभियंत्यांचा अंदाज होता.

ताजे काँक्रीट तापून फुगते तेव्हा मऊ असते; पुढे टणक होऊन निवू लागले की आकसते, आणि खालचा खडक त्यास आकसू देत नाही. १५ मीटर लांबीचा ठोकळा २० अंशांनी निवला तर सुमारे ३ मिलिमीटर आखडू पाहतो. एवढ्याशा अंतरात सारे रामायण आहे. कारण काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या जेमतेम दशांश असते.

म्हणून हूव्हरच्या बांधणाऱ्यांनी १९३३ ते १९३५ या काळात धरण सुट्या ठोकळ्यांत उभारले. एका वेळी पाच फुटांचा थर, आणि त्यावर ७२ तासांच्या आत दुसरा चढवावयाचा नाही. थरांतून ५८२ मैल लांबीच्या, इंचभर व्यासाच्या नळ्या घालून आधी नदीचे व मग यंत्राने गार केलेले पाणी खेळविले. काम संपताच त्याच नळ्यांत सिमेंट भरले. एवढी सक्तीची थांबाथांब पाळूनही धरण मुदतीच्या सुमारे दोन वर्षे आधी पुरे झाले! अर्थात थांबणे म्हणजे रेंगाळणे नव्हे. थर फार दिवस उघडा राहिला तर तोही खडकासारखा थंड व कठीण होऊन वरच्या नव्या थरास जखडतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचा पेच दिसतो. ठेकेदाराचे बिल घनमीटरवर निघते. बर्फ, रात्रपाळी आणि सक्तीची विश्रांती हा त्याच्या लेखी निव्वळ खर्च. भेग झिरपू लागते ती हमीची मुदत उलटल्यावर, आणि दुरुस्तीचा भार पडतो करदात्यावर. तेव्हा शीतकरणाची बाब निविदेत स्वतंत्र दराने धरावी, आणि काँक्रीटमध्ये पुरलेल्या तापमापकांच्या नोंदी जोडल्याखेरीज बिल मंजूर करू नये. हे करणे मुळीच अवघड नाही.

उष्णता मुळातच कमी निर्माण व्हावी, हा आणखी एक मार्ग. आपल्या घाटघरच्या धरणांत सिमेंटचा मोठा हिस्सा वगळून औष्णिक वीजकेंद्रांतील राख वापरली गेली, आणि ते काँक्रीट पातळ थरांत रोलरने दाबले गेले. ज्या राखेचे ढीग कोठे टाकावेत ही वीजकेंद्रांची विवंचना, तिचा असा उपयोग होतो.